यंत्रांचा दुभाषी

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव इतिहासाच्या वाचकांस मस्तानीच्या समाधीमुळें ठाऊक असतें. १७४० सालीं ती निवर्तली. तिची साधी कबर पाहावयास आजही प्रवासी तेथें उतरतात. परंतु गेल्या चाळीस वर्षांत या गांवास दुसऱ्या एका कारणानेंही नांव मिळालें आहे. १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनीं तेथें 'विज्ञान आश्रम' काढला. कलबाग हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे पीएच. डी.; मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेंत वरिष्ठ जागेवर होते. असा गृहस्थ नोकरी संपवून कमी पावसाच्या एका खेड्यांत जाऊन राहतो, आणि शाळेंतून गळालेल्या मुलांस लोखंड सांधणें, वीज जोडणें, कोंबड्या पाळणें असलीं कामें देऊन त्यांतूनच विज्ञान शिकवितो, ही गोष्ट शहरांतील सुशिक्षितांस चमत्कारिक वाटण्यासारखीच होती. कलबाग २००३ सालीं वारले. आश्रम चालू आहे.

त्यांच्या हयातींतच, २००२ सालीं, आश्रमांत एक नवी प्रयोगशाळा उभी राहिली. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या प्रसिद्ध संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनीं 'फॅब लॅब' नांवाची जी कल्पना काढली, तिचें अमेरिकेबाहेरचें अगदीं पहिल्यांपैकीं एक रोपटें पाबळच्या मातींत लागलें. संगणकाच्या आज्ञेनें कापणारीं आणि कोरणारीं यंत्रें गांवच्या मुलांच्या हातीं द्यावयाचीं, आणि गांवास लागणारीं मोजमापाचीं उपकरणें शक्य तर गांवांतच बनवावयाचीं, असा तो बेत.

अशा प्रयोगशाळांतून एक अडचण हटकून उभी राहते. यंत्र आणि संगणक यांची जोडी विजोड असते; एकाचें आयुष्य लांब, दुसऱ्याचें आखूड. नीट तेलपाणी केलेलें कोरीवकामाचें यंत्र वीस वर्षें चालतें. संगणक मात्र सहा-सात वर्षांत मागें पडतो. मग नवा संगणक येतो, कोणी तरी यंत्राची केबल हातांत घेऊन त्याच्या पाठीमागें वाकतो, आणि ती खोंचण्यास जागाच सांपडत नाहीं. इंग्रजी डी अक्षरासारखा, दोन ओळींत मिळून ९ पिनांचा तो जुना सीरियल पोर्ट नव्या संगणकावर नसतोच. असतात त्या यूएसबीच्या चपट्या खांचा.

ही अडचण एकट्या प्रयोगशाळेची नव्हे. कारखान्यांतील लेथ, दवाखान्यांतील रक्ततपासणीचें यंत्र, जमीन मोजणाऱ्याचें टोटल स्टेशन, आकाशदर्शनाच्या हौसेनें घेतलेली दुर्बीण, दुकानांतील वजनकाटा, या सर्वांना हाच जुना पोर्ट असूं शकतो. परंतु ज्या ठिकाणीं ही गोष्ट रोजच्या भाकरीशीं येऊन भिडते तें ठिकाण म्हणजे दूध संकलन केंद्र. शिरूर, खेड, आंबेगांव या तालुक्यांत दुधाचा धंदा मोठा आहे. सकाळीं आणि संध्याकाळीं शेतकरी किटली घेऊन केंद्रावर येतो. दूध काट्यावर चढतें, त्याचा नमुना तपासणीयंत्रांत जातो, आणि वजन, फॅट व एसएनएफ हे तीन आंकडे तारेवाटे संगणकांत जाऊन पावती छापली जाते. गाईच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हें मान धरून सांगतात. त्याहून आंकडा खालीं गेला कीं भाव उतरतो. म्हणजे तारेवरून जाणारा एकेक दशांश हा कोणाच्या तरी घरचा पैसा आहे. ती तार बंद पडली तर केंद्रावरचा माणूस यंत्रावरील आंकडे डोळ्यांनीं वाचून हातानें लिहूं लागतो. रांग लांबते, तीनाचा आठ होतो, आणि न झाला तरी झाल्याचा संशय राहतो. संशय आला कीं गांवांत बोलणें वाढतें.

बाजारांत यावर एक केबल मिळते. तिच्या एका टोकास ९ पिना, दुसऱ्या टोकास यूएसबी. किंमत कांहीं शें रुपये. पुष्कळदां ती लावतांच काम चालू होतें. पुष्कळदां होत नाहीं. आणि तेव्हां "यंत्रच जुनें झालें, नवें घ्या" असा सल्ला देणारे विक्रेते कमी नाहींत. हजारों रुपयांचें धडधाकट उपकरण अशा रीतीनें एका केबलीपायीं भंगारांत जातें. ती केबल कोणतें काम करते हें समजून घेतलें तर यांतील बहुतेक प्रसंग टळतात. आणि तें समजणें मुळींच अवघड नाहीं.

जुन्या पोर्टाची पद्धत १९६० सालीं अमेरिकेंत ठरली. तिचें नांव आरएस-२३२. तेव्हां संगणक खोलीएवढे असत आणि दूरच्या टंकयंत्राशीं टेलिफोनच्या तारेवरून बोलत. त्या संभाषणाचा हा नियम. एक तार बोलण्याची, एक ऐकण्याची, एक समाईक. अक्षराचे तुकडे, ज्यांस बिट म्हणतात ते, दिंडींतील वारकऱ्यांप्रमाणें एकामागून एक जातात; म्हणून हा पोर्ट 'सीरियल'. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असले तर एक समजावयाचा. अधिक ३ ते अधिक १५ असले तर शून्य. प्रत्येक अक्षराच्या आधीं आरंभाचा एक बिट, अखेरीस समाप्तीचा एक. मधले आठ धरून दहा. वेग सेकंदास ९६०० बिट ठरविला असेल तर सेकंदास ९६० अक्षरें जातात, आणि दुधाचे तीन आंकडे पाठविण्यास हा वेग रगड झाला. वेगाचें 'बॉड' हें एकक फ्रेंच तारायंत्रज्ञ एमिल बोदो यांच्या नांवावरून आलें आहे. पूर्वीं या पोर्टास २५ पिना असत. १९८४ सालच्या आयबीएम पीसी-एटी संगणकापासून ९ पिनांचा आकार रूढ झाला.

या पद्धतींतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्यात. दोन्ही टोकांस समान घड्याळ देणारी तार हींत नसते. भजनाच्या आधीं मृदंगी आणि टाळकरी यांनीं लय ठरवून घ्यावी, तसा वेग आधींच ठरलेला लागतो. एकानें ९६०० आणि दुसऱ्यानें २४०० धरला तर अक्षरें येतात, पण भलतींच. दुसरी गोष्ट अशी कीं, बोलणारें यंत्र आपलें नांवगांव सांगत नाहीं. तारेवर बोल आले कीं ऐकणाऱ्यानें आपलें आपण ओळखावें, हा वजनकाटा आहे कीं टंकयंत्र.

यूएसबीची पद्धत १९९६ सालीं सात कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केली. तिच्या घडणींत इंटेल कंपनींतील अजय भट्ट यांचा मोठा वांटा आहे. भट्ट हे बडोद्याचे, तेथील सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. आणि बडोदें म्हटल्यावर मराठी घरांस थोडा आपलेपणा वाटणें साहजिक आहे. घरच्या माणसांस साधा प्रिंटर जोडतांना होणारे हाल पाहून ही कल्पना सुचली, असें ते सांगतात. या नव्या पद्धतींत संगणक हा यजमान आहे. पाहुण्यानें दारांत येतांच आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि आपला स्वतःचा क्रमांक सांगावयाचा, आणि पुढें विचारल्याखेरीज बोलावयाचें नाहीं. १९९८ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या आयमॅक संगणकावरून जुने सीरियल पोर्ट काढून टाकले. नंतरच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक सर्वांनीं तोच कित्ता गिरविला.

आतां हें उघड होईल कीं, बाजारांतील ती केबल म्हणजे नुसती आकार बदलणारी खुंटी नव्हे. एक घर मनास येईल तेव्हां बोलणारें, दुसरें विचारल्यावांचून तोंड न उघडणारें. दोघांच्या मध्यें दुभाषी हवा. केबलीच्या एका टोकाचा भाग जो जाडसर असतो, त्यांत हा दुभाषी, म्हणजे एक चिमुकली चिप, बसलेली असते. अशा चिपा मुख्यतः चार कुळींच्या आढळतात. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीच्या, तैवानच्या प्रोलिफिक कंपनीच्या, अमेरिकेंतील सिलिकॉन लॅब्जच्या आणि चीनमधील सीएच ३४० या नांवाच्या. केबलीच्या वेष्टनावर कोणतेंही नांव छापलेलें असो, काम पडतें तें आंतल्या चिपेशीं.

आणि दुभाषी एकटा पुरत नाहीं. ड्रायव्हर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एस्. टी. चा चालक येतो. संगणकांतील ड्रायव्हर म्हणजे दुभाषाचें ऐकून घेण्यासाठीं यजमानाच्या घरीं नेमलेला कारकून होय. प्रत्येक कुळीच्या चिपेस तिचा तिचा कारकून लागतो. तो नसला, किंवा जुन्या विंडोजचा असून नव्या विंडोजमध्यें बसविला, तर दुभाषी दारांत ताटकळत राहतो. ६४ बिटांच्या विंडोजला ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाहीं, आणि अधिकृत सही नसलेला ड्रायव्हर ती सहसा आंत घेत नाहीं. जुन्या यंत्राबरोबर आलेली तबकडी कपाटांतून काढून घालणारे अनेक जण येथेंच अडतात. ती तबकडी बाजूस ठेवून, केबलींतील चिप ज्या कंपनीची असेल त्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर आणावा, हें उत्तम.

यांत एक अपवाद आहे, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. या चिपांच्या नकला फार होतात. खऱ्या कंपन्यांस त्याचा राग येणें स्वाभाविक होतें. २०१४ च्या ऑक्टोबरांत एफटीडीआयचा जो नवा ड्रायव्हर विंडोजच्या आपोआप होणाऱ्या अद्ययावतीकरणांतून घरोघर पोंचला, तो नकली चिप ओळखून तिच्या ठायींचा क्रमांकच पुसून शून्य करी. ज्या पाहुण्यास आपलें नांव सांगतां येत नाहीं त्यास कोणताही यजमान घरांत घेईना. काल चालणारीं उपकरणें आज मेलीं. आणि ज्यांचीं मेलीं त्यांना आपली चिप नकली आहे याची बहुधा दादही नव्हती. ओरड झाली, तो ड्रायव्हर मागें घेतला गेला. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या कर्त्यांनीं तर त्या शून्य क्रमांकासही आपल्या दप्तरीं ओळख देऊन टाकली. पुढें २०१६ सालीं त्याच कंपनीच्या ड्रायव्हरानें निराळी तऱ्हा केली; नकली चिप दिसली कीं आलेल्या मजकुराच्या जागीं 'हें उपकरण अस्सल नव्हे' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य तो संगणकास देई. फॅटचा आंकडा यावयाच्या ठिकाणीं असें वाक्य आलें तर पावती छापणाऱ्या प्रोग्रामानें काय करावें? नकलेचा धंदा वाईट खराच. परंतु चोराऐवजीं चोरीचा माल नकळत घेणाऱ्यास दंड करण्याची ही रीत न्यायाची म्हणतां येत नाहीं.

प्रोलिफिकची रीत थोडी सौम्य. त्यांचा नवा ड्रायव्हर नकली चिप, किंवा कंपनीनें बनविणें बंद केलेली स्वतःचीच जुनी चिप, दिसली कीं चालू होत नाहीं. डिव्हाइस मॅनेजरमध्यें पिवळें उद्गारचिन्ह आणि 'कोड १०' दिसतें, किंवा ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्यास भेटा, असा इंग्रजी संदेश येतो. वाचणारा समजतो, केबल जळाली. ती जळालेली नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्येंच 'अपडेट ड्रायव्हर' म्हणून, संगणकांत आधींच असलेल्या यादींतून जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर निवडला कीं तीच केबल पुष्कळदां चालूं लागते. मात्र अद्ययावतीकरण पुनः नवा ड्रायव्हर आणून बसवील, हें गृहीत धरावें. ज्या केंद्रावर रोज दोनदां रांग लागते तेथें असल्या केबलीवर भरंवसा ठेवण्यापेक्षां खात्रीच्या दुकानांतून थोडे अधिक पैसे देऊन चांगली केबल घ्यावी.

समजा, एखाद्या संकलन केंद्रावर नवा संगणक आला आहे आणि काट्याचा आंकडा पडद्यावर उमटत नाहीं. अशा वेळीं जो तो आधीं काट्यास दोष देतो. शोध दुसऱ्या टोकापासून घ्यावा. केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील पोर्टांच्या यादींत नवें नांव येतें काय? येत असेल तर ड्रायव्हर बसला. येत नसेल तर त्या अनोळखी उपकरणाच्या तपशिलांत उत्पादकाचा क्रमांक पाहावा. ०४०३ असेल तर एफटीडीआय, ०६७बी असेल तर प्रोलिफिक, १ए८६ असेल तर सीएच ३४०. वेष्टन खोटें बोलेल. नकली चिप मात्र ज्या कुळीची नक्कल असेल त्याच कुळीचा क्रमांक सांगते, आणि ड्रायव्हर शोधण्यास तेवढें पुरतें.

यादींत नांव आलें कीं त्यापुढें कॉम ३, कॉम ७ असा क्रमांक असतो. येथें अर्धीं भांडणें मिटतात. पावतीचा प्रोग्राम कॉम १ वर कान लावून बसलेला असतो आणि काटा कॉम ७ वर बोलत असतो. प्रोग्रामांत क्रमांक बदलावा. जुना प्रोग्राम चारांच्या किंवा नवांच्या पुढें मोजीत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें पोर्टाचाच क्रमांक खालीं आणावा. आणखी एक खोड अशी कीं, पुष्कळ स्वस्त चिपांस स्वतःचा असा अनुक्रमांक नसल्यामुळें केबल या खांचेंतून काढून शेजारच्या खांचेंत घातली तर विंडोज तिला नवीनच पाहुणा समजून दुसरा क्रमांक देते. झाडलोट करतांना केबल निघते, सायंकाळीं दुसऱ्या खांचेंत जाते, आणि केंद्र बंद पडतें. खांचेवर आणि केबलीवर रंगाचा सारखा ठिपका देऊन ठेवला कीं हा उपद्रव संपतो.

क्रमांक जुळूनही शांतता असेल तर केबल खरोखर बोलते कीं नाहीं हें पाहण्याची एक सुंदर कसोटी आहे. केबल काट्यापासून सोडवावी. ९ पिनांच्या टोकावर बारीक अक्षरांत आंकडे असतात; त्यांपैकीं २ ऐकण्याची पीन, ३ बोलण्याची, ५ समाईक. २ आणि ३ या पिना एका बारीक तारेच्या तुकड्यानें जोडाव्यात, पुटी नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडून तो पोर्ट निवडावा, आणि कांहीं अक्षरें टंकावीं. केबलीनें बोललेलें तिच्याच कानीं पडून अक्षरें पडद्यावर उमटलीं तर संगणक, ड्रायव्हर आणि केबल हे तिघेही निर्दोष ठरतात. तार काढली कीं अक्षरें उमटणें थांबलें पाहिजे. एवढी परीक्षा दहा वर्षांचें मूलही घेऊं शकतें, आणि तिनें अर्ध्या दिवसाचा वाद मिटतो.

त्यानंतरच काट्याकडे वळावें. वेग, बिटांची संख्या, पॅरिटी म्हणजे पडताळ्याचा बिट आहे कीं नाहीं, आणि समाप्तीचे बिट किती, हे चार आंकडे काट्याच्या पुस्तिकेंत असतात; बहुधा ९६००, ८, पडताळा नाहीं, १. तेही जुळत असतील तर तारांचा उलटसुलटपणा पाहावा. दोघांनींही एकाच तारेवर बोलावें आणि दुसरीवर दोघांनींही ऐकावें असें झालें तर संभाषण कसें व्हावयाचें? कांहीं उपकरणांस सरळ केबल लागते, कांहींस २ आणि ३ उलट केलेली. ही उलट करणारी छोटी जोडणी बाजारांत नल मोडेम या नांवानें मिळते.

कधीं कधीं मात्र प्रकार भुताटकीवर जातो. काटा चालू ठेवून संगणक सुरू केला कीं पडद्यावरील माउसचा बाण आपोआप इकडे तिकडे धांवूं लागतो, खिडक्या उघडतात, मिटतात. यांत भूत नाहीं. जुन्या काळीं माउससुद्धां याच पोर्टास लावीत. पोर्ट आपलें नांव सांगत नाहीं हें वर आलेंच आहे. आणि कांहीं काटे सतत वजन पाठवीत असतात. त्यांची बडबड ऐकून विंडोज समजते कीं जुना सीरियल माउस लागला, आणि किलोग्रॅमांचे आंकडे ती बाणाच्या हालचालींत उतरविते. डिव्हाइस मॅनेजरमध्यें तो खोटा माउस 'डिसेबल' केला कीं बाण जागीं येतो. त्याला नुसता काढून टाकूं नये. पुढल्या खेपेस पुनः प्रकट होतो.

सकाळीं चालणारें केंद्र सायंकाळीं गप्प, असा अनुभव आला तर वीज वांचविण्याची सोय पाहावी. मधल्या वेळांत संगणक यूएसबीच्या खांचेची वीज तोडतो आणि सर्वच चिपांस पुनः जागें होतां येत नाहीं. ती परवानगी पॉवर मॅनेजमेंटमधून काढून घेतां येते.

दूध केंद्रापेक्षां प्रयोगशाळेंतील कोरणाऱ्या यंत्राची गरज थोडी अधिक आहे. फॅब लॅबांच्या साहित्यांत पुष्कळ वर्षें जपानच्या रोलंड कंपनीचें मोडेला एमडीएक्स-२० हें छोटें यंत्र असे. तांब्याचा पत्रा चढविलेल्या पाटीवर इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या हत्यारानें विजेच्या वाटा कोरण्याचें काम तें करतें, आणि त्याला सीरियल पोर्टावांचून दुसरें दारच नाहीं. त्याची स्मरणशक्ति बेतांची. संगणकानें भराभर हुकूम दिले तर तें "थांबा" म्हणतें. हें "थांबा" म्हणण्यासाठीं ७ आणि ८ क्रमांकाच्या निराळ्या तारा असतात. स्वस्तांतील तीन तारांच्या केबलींत या तारा नसतात. मग गंमत अशी होते कीं, काम उत्तम सुरू होतें, पांच-दहा मिनिटें ठीक चालतें, आणि एकाएकीं हत्यार पाटीवर आडवें धांवत सुटतें. हुकूम सांडलेले असतात. काट्यास जी केबल निर्दोष ठरली तीच येथें हत्यार मोडते. म्हणून यंत्रासाठीं केबल घेतांना सर्व पिना जोडलेल्या आहेत याची खात्री करावी, आणि प्रोग्रामांत 'हार्डवेअर' पद्धतीचा प्रवाहनियंत्रण-पर्याय निवडावा.

येथेंच एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. बाजारांत सारख्याच नांवाच्या दोन जातींच्या केबली मिळतात. एकीच्या टोकास ९ पिना असतात. दुसरीच्या टोकास चार-सहा सुट्या रंगीत तारा. दुसरी जात सूक्ष्म-नियंत्रकांच्या पाट्यांसाठीं असून तिच्यावर शून्य ते ५ किंवा शून्य ते ३.३ एवढेच व्होल्ट खेळतात, आणि एक-शून्याचा अर्थही आरएस-२३२ च्या उलट असतो. ती केबल जुन्या यंत्राच्या उणे बारा-अधिक बारा व्होल्टांस जोडली तर चिप जळते. मध्यें मॅक्स २३२ सारखी दाब बदलणारी चिप घालावी लागते. उत्साही विद्यार्थी एकदां तरी ही चूक करतात. एक चिप जळाल्याखेरीज हें पाठ होत नाहीं, असेंही म्हणतां येईल.

लिनक्सवर हा सर्व संसार बराच सुखाचा आहे. वरील चारही कुळींचे ड्रायव्हर त्याच्या पोटांतच असतात. केबल लावली कीं 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' असें नांव तयार होतें. टीटीवाय हें टेलिटाइप या दूरटंकयंत्राचें संक्षिप्त रूप. तीं यंत्रें केव्हांच संग्रहालयांत गेलीं, नांव राहिलें. वापरणाऱ्याचें नांव 'डायलआउट' गटांत घालावें लागतें, एवढीच अट; तींतही टेलिफोन फिरवून बोलण्याच्या काळाची खूण आहे. तेथेंही एक मौज घडली. उबुंटू २२.०४ या आवृत्तींत अंधांच्या ब्रेल पाटीसाठीं ठेवलेला एक प्रोग्राम सीएच ३४० चिप दिसली कीं ती ब्रेल पाटीच आहे असें समजून तिचा ताबा घेई, आणि विद्यार्थ्याचा पोर्ट दिसून क्षणांत नाहींसा होई. कारण कांहीं ब्रेल पाट्यांतही हीच चिप असते, आणि क्रमांकावरून दोघींत फरक करतां येत नाहीं. ज्याला ब्रेलची गरज नाहीं त्यानें तो प्रोग्राम काढावा. ज्याला आहे त्याच्यासाठीं तो मोलाचा आहे.

पाबळच्या आश्रमांत गर्शेनफेल्ड यांचा 'फॅब ॲकॅडमी' हा अभ्यासक्रमही चालतो. त्यांत विद्यार्थ्यानें तांब्याच्या पाटीवर स्वतः वाटा कोरावयाच्या, चिपा स्वतः डाखावयाच्या, आणि मग ती पाटी संगणकाशीं बोलती करावयाची. त्यांतील एका प्रसिद्ध पाठांत पाटीला येणारें काम फार थोडें असतें. टंकलेलें अक्षर ती परत पाठविते आणि 'आपण हें टंकलेंत' असें इंग्रजींत म्हणते. २ आणि ३ या पिना जोडून जी परीक्षा घेतली जाते तिचाच हा थोडा शहाणा भाऊ. कांहीं विद्यार्थी याच्याही पुढें जाऊन यूएसबी आणि सीरियल यांमधील दुभाषीसुद्धां स्वतःच कोरून काढतात. त्यांच्या केबलीच्या जाड टोकावर वेष्टन नसतें, आणि आंत काय आहे हें त्यांना विचारावें लागत नाहीं.

दूध केंद्रावर एवढें कोणास साधणार नाहीं, आणि साधण्याचें कारणही नाहीं. तेथें एक पुठ्ठा पुरेसा आहे. काट्याच्या वर, खिळ्यास टांगलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें: काटा कॉम ३, तपासणीयंत्र कॉम ४. दोहोंचा वेग ९६००, ८, नाहीं, १. काट्याची केबल सरळ, तपासणीयंत्राची उलट. तांबडा ठिपका वरच्या खांचेंत. जुना संगणक चालू आहे तोंवरच हे आंकडे त्याच्यांतून उतरवून घ्यावेत. तो बंद पडल्यावर ते सांगणारा कोणी नसतो, आणि संध्याकाळीं पांच वाजतां किटल्या यावयाच्याच असतात.